वारकऱ्यांचं देणं एका रोजच्या वस्तूत दाखवायचं, तर ती वस्तू कोणती?

लष्करवासी

आषाढीला आपल्या भजनी मंडळातर्फे लष्कर भागातल्या दीडशे मराठी घरांत एकेक छोटी वस्तू द्यायची ठरली आहे. ग्वाल्हेरहून वारीला जाणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून हा खटाटोप. फोटो, मूर्ती, किल्लीची साखळी हे सगळं घरोघरी आहेच, ते नको.

वस्तू रोज हाताला लागणारी हवी, कपाटात काचेमागे जाऊन बसणारी नको. खर्च नगाला साठ-सत्तर रुपयांच्या आत. आणि घरातल्या लेकराने "हे काय?" विचारलं, तर आजीला दोन वाक्यांत सांगता यावं की वारकऱ्यांनी आपल्याला काय दिलं.

काय दिलं, याचं माझं उत्तर असं: हातातलं काम न सोडता देव भेटतो, हा भरवसा. तुमचं उत्तर वेगळं असेल तर आधी ते सांगा, मग वस्तू सुचवा.

टाळकरी

टाळ. यावर चर्चा कसली करायची? एक छोटी जोडी द्या, लेकरं लगेच वाजवायला घेतील.

फक्त कांशाचे घ्या. कांसं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. बाजारात स्वस्त म्हणून मिळतात ते पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेचा नाद लगेच बसतो, कांशाचा लांबतो. उलट कांसं ठिसूळ. फरशीवर पडलं की केसाएवढी चीर जाते आणि आवाज फाटतो. ती चीर डाग देऊन सांधता येत नाही, टाळ वितळवून पुन्हा ओतावा लागतो.

जनकगंज_ताई

टाळकरी दादा, साठ रुपयांत कांशाची जोडी कुठली यायची? आणि दीडशे घरांतल्या शंभर घरांत ती देव्हाऱ्यात शोभेला ठेवतील. वाजवायचं कसं ते कोण शिकवणार?

टाळकरी

वाजवायचं एवढं अवघड नाही. दोरी मधल्या भोकातून घ्यायची, गाठ आतल्या वाटीत. दोरी बोटांना अशी गुंडाळायची की कडेला एकही बोट लागणार नाही, बोट लागलं की नाद मेला. खालचा टाळ स्थिर धरायचा, वरचा किंचित सरकवून कडेवर आणायचा. दोन्ही कडा एकदम तंतोतंत मिळाल्या तर आत हवा कोंडते आणि 'खट्' असा मुका आवाज येतो. नवशिक्याचं चुकतं ते इथेच.

पण किमतीचं तुमचं बरोबर आहे. कांशाची जोडी या पैशात बसत नाही.

हरिपाठ

मग तुळशीची माळ. १०८ मणी आणि एक मेरुमणी. गळ्यात असते, म्हणजे चोवीस तास अंगाला लागलेली. याहून रोजची वस्तू कोणती?

फडावरची

हरिपाठजी, विनंती आहे, माळ नको. माळ ही वाटायची वस्तूच नाही. ती ज्ञानेश्वरीवर ठेवून, फडकऱ्यांच्या (वारकऱ्यांच्या फडाच्या प्रमुखांच्या) किंवा गुरूंच्या हातून घालून घेतात आणि त्याबरोबर नेम येतो: मांस-मद्य सोडायचं, एकादशी करायची, हरिपाठ म्हणायचा, वर्षाची वारी चुकवायची नाही. म्हणून तर 'माळकरी' या शब्दाला वजन आहे. दीडशे घरांत पाकिटातून माळ पाठवली, तर घेणाऱ्याने काय करायचं? घातली तर नेम नाही, न घातली तर खुंटीला लटकणार. दोन्ही वाईट.

शिवाय खरी तुळस मिळेल याची खात्री नाही. तुळशीचं लाकूड हलकं आणि काडी बारीक, म्हणून मणी लहान आणि थोडे कमी-जास्त आकाराचे निघतात. एकसारखे, जड, गुळगुळीत मणी दिसले की बहुधा दुसरं लाकूड.

हरिपाठ

पटलं. शब्द मागे घेतो. तेवढं एक सांगून ठेवतो, ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी सुती दोरा वर्षातून एकदा तरी बदलून घ्यावा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात घामाने दोरा आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही.

कंपूवाले_काका

चिपळ्या का नकोत? लाकडी, स्वस्त, आणि आपल्या गावाला कीर्तनाची परंपरा आहेच. तानसेन समारोहाची सुरुवात ढोलीबुवांच्या (इथल्या कीर्तनकार घराण्याच्या) हरिकथेने आणि मीलादने (पैगंबरांच्या स्तुतीपाठाने) होते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

फडावरची

काका, परंपरा थोर आहे, पण ती हरिकथेची, नारदीय वळणाची. एक कीर्तनकार, साथीला पेटी-तबला, पूर्वरंग आणि उत्तररंग. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असते, वीणा असते, पखवाज असतो, आणि चरण सगळे मिळून उचलतात. प्रतीक निवडताना ही गल्लत झाली तर जाणकार माणूस पहिलं तेच दाखवेल.

जनकगंज_ताई

मुद्दा 'रोजच्या वस्तू'चा आहे ना? मग टाळ-वीणा-पताका सोडा. संतांनी स्वतः कुठल्या वस्तू उचलल्या ते बघा. जनाबाईंचं जातं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईंचं जातं म्हणून दाखवतात. दळताना देव जोडीला येऊन बसतो, ही कल्पना लष्करवासी म्हणतात तीच आहे: काम सुटत नाही, देवच कामाला लागतो.

लष्करवासी

ताई, जातं माझ्याही मनात होतं. पण आता किती घरांत जातं फिरतं? मूठभर आकाराचं दगडी जातं द्यायचं तर ते खेळणं होईल. बघून आठवण येईल, पण हात लागणार नाही.

ऐरण

जनकगंज ताईंनी योग्य दार उघडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वारकरी संतांची ओळख त्यांच्या धंद्याच्या हत्याराने होते, आणि त्यांनी ते हत्यार अभंगात तसंच ठेवलं, त्याला सोन्याचा मुलामा दिला नाही. सावता माळी अरणचे. त्यांना मळ्यातल्या कांदा-मुळा-भाजीतच विठाई दिसली, आणि परंपरा सांगते की ते पंढरीला गेलेच नाहीत. खुरपं आणि मोट हेच त्यांचं देऊळ. गोरोबा तेरचे कुंभार. मडकं पक्कं आहे की कच्चं ते ज्या थापटण्याने बघतात, तेच त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर मारून बघितलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. सेना महाराजांनी न्हाव्याची धोकटीच परमार्थाला लावली: आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा. नरहरी सोनारांच्या कथेत कमरपट्टा आहे, माप घेऊनही दर वेळी कमी-जास्त होणारा. मुक्ताबाईंच्या कथेत झोपडीची ताटी आहे, रुसलेल्या भावाने आतून लावलेली.

यातली प्रत्येक वस्तू ज्या त्या हाताची आहे. खुरपं दिलं तर माळ्याला कळेल, थापटणं कुंभाराला, धोकटी न्हाव्याला. पंथाचं देणं एवढंच की तुझ्या हातात जे आहे ते पुरेसं आहे. म्हणून एकाच धंद्याचं हत्यार सगळ्यांना वाटलं की अर्थ उलटा होतो. मंडळाला अशी वस्तू शोधायला हवी जी कोणत्याच एका जातीची, एका धंद्याची नाही. माझ्याकडे उत्तर नाही, कसोटी एवढी सांगितली.

किल्ल्याखाली

ऐरणजी, नामदेवांचा गज (कापड मोजायची पट्टी) राहिला. ते शिंपी. मन हा गज आणि जीभ ही कात्री, त्यांनी मोजून मोजून यमाचा फास कापायचा, असं त्यांचं पद आहे, आणि ते गुरु ग्रंथ साहिबात आहे. ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे.

आणि ग्वाल्हेरकरांना वेगळा दाखला कशाला हवा? किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. गुरु हरगोबिंदजी जहांगिराच्या कैदेतून सुटताना, जेवढे राजे अंगरखा धरून येतील तेवढेच सुटतील अशी अट होती. म्हणून अंगरख्यालाच ५२ पदर लावले आणि ५२ राजे बाहेर आले, अशी परंपरा. एका समाजाचं अख्खं देणं, 'एकटा सुटणार नाही', ते एका कपड्याच्या पदरात मावलं. आपल्याला वारकऱ्यांसाठी असा पदर शोधायचा आहे.

लष्करवासी

किल्ल्याखाली, 'पदर' हा शब्द मी उचलतो. ऐरणजींची कसोटीही मान्य.

टाळकरी

आता पुन्हा टाळावर येतो, रागावू नका. ग्वाल्हेरचा संबंध आहे म्हणून येतो.

ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आज ज्या घडीत चालतो ती घडी हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. ते साताऱ्याकडच्या आरफळचे, आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्याआधी तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायणबाबांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र जात. हैबतबाबांनी १८३० नंतर लवकरच आळंदीची पालखी स्वतंत्र केली. तंबू, घोडे, नैवेद्य ही व्यवस्था अंकलीच्या शितोळे सरकारांकडे गेली, घोडे अजून तिथूनच येतात. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, कार्तिकी सोहळ्याची सुरुवात तिच्या पूजेने होते.

लष्करी माणसाने बसवलेली शिस्त बघा. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम चालू असतात. चोपदार चोप वर करतो आणि क्षणात सगळं गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्या किती वाजता निघायचं, आणि मग आरती.

म्हणजे नामाचं जे वाद्य, तेच गाऱ्हाण्याचं. अर्ज नाही, आरडाओरडा नाही. लहानातल्या लहान दिंडीने टाळ वाजवत ठेवले, तर सगळा सोहळा तिच्यासाठी थांबतो. हे देणं दुसऱ्या कुठल्या वस्तूत दाखवणार?

फडावरची

वा! चोपदारांची ही रीत इथे लिहिलीत ते फार बरं केलंत. टाळाबद्दल एवढं नेमकं इथे पहिल्यांदाच वाचायला मिळालं.

जनकगंज_ताई

हे वाचून माझंही मत डळमळलं. पण किमतीचं काय करायचं?

ऐरण

टाळ मंडळाचा राहू दे, घराचा नको. टाळाचा अर्थ दहा जण एकत्र असले की खुलतो. घरात एकट्या जोडीला चोपदार कुठला?

सांजवात

इतका वेळ नुसतं वाचत होते. एक वेगळीच वस्तू सुचवते: कणीक.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात. उजव्या तोंडाला शाई (काळा लेप) कायमची, डावीकडे कणीक दर वेळी ताजी, वाजवून झालं की खरवडून काढायची. कणकेच्या वजनानेच डाव्या पुडीचा (तोंडावरच्या कातड्याचा) आवाज खाली उतरतो आणि घुमतो. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल लागते. तेल नाही, मीठ नाही. जास्त लावली तर आवाज दबतो, कमी लावली तर टणटण वाजतो, म्हणून चिमूट-चिमूट वाढवत जायचं. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये लू (उष्ण कोरडा वारा) चालते तेव्हा कणीक तासाभरात कडक होऊन कडा उचलते. मग पाण्याचं बोट फिरवावं लागतं.

स्वयंपाकघरातली परात आणि भजनातला पखवाज यांच्यामध्ये एकच गोळा फिरतो. प्रपंच आणि परमार्थ यांना जोडणारा याहून साधा पदार्थ मला तरी दिसत नाही.

पखवाजी

सांजवात ताई, अगदी अचूक. फक्त एक भर: कणीक गव्हाचीच हवी, त्यात थोडा रवाळपणा चालतो, पण मैदा नको. मैदा चिकट होतो आणि काढताना कातड्याचे तंतू ओढतो. आणि लावण्याआधी पुडीवर ओला हात फिरवायचा, नाहीतर कणीक मध्येच निसटते.

लष्करवासी

सांजवात ताई, कल्पना मनात घर करून राहिली. पण कणीक वाटणार कशी? दुसऱ्या दिवशी आंबेल. पत्रिकेवर मात्र हे नक्की लिहू.

दालबाजार

आणखी एक बाजू मांडतो, कोणाला बोचली तर क्षमा असावी. सगळे 'काम आणि देव' म्हणताहेत. माझ्या मते वारकऱ्यांचं मोठं देणं म्हणजे वाळवंट. चंद्रभागेच्या वाळवंटात कोणीही कोणाच्या पाया पडतो, सगळे 'माउली'. हे शतकानुशतकं वाळूत चाललं, पण देवळाच्या आत चाललं नाही. चोखोबा महाद्वाराशीच राहिले. विठ्ठलमंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा दार उघडलं. म्हणून देणं सांगताना ते पुरतं पोचायला किती काळ लागला हेही सांगायला हवं. वस्तू विचाराल तर एक चिमूट वाळू.

फडावरची

बोचायचं काही कारण नाही, खरंच आहे ते. आजही वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात काही बघत नाहीत. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही, पहारा बदलतो आणि गळे बदलतात. पण नदीची वाळू उचलून आणून वाटू नये. आधीच नद्यांचे हाल आहेत.

दालबाजार

वाळूचं मागे घेतो. मुद्दा तेवढा लक्षात असू द्या.

गोरखीपाशी

मग वीट का नाही?

लष्करवासी

जरा उलगडून सांगा.

गोरखीपाशी

पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. देव दारात आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही, हाताशी होती ती वीट मागे टाकली आणि म्हणाला, यावर थांब. देव थांबला तो अजून उभा आहे. लष्करवासींचं पहिल्या पोस्टमधलं उत्तर, 'हातातलं काम न सोडता', हीच गोष्ट आहे, आणि पंथाची सुरुवातच तिथे आहे.

ऐरणजींच्या कसोटीला वीट उतरते. ती कोणत्या एका धंद्याची नाही, राजाच्या वाड्यातही तीच आणि झोपडीतही तीच. दालबाजारजींचा मुद्दाही येतो: पुंडलिकाने देवाला पाट दिला नाही, आसन दिलं नाही, जे पायाखाली घालायचं तेच दिलं, आणि देवाने ते चालवून घेतलं.

आणि ती स्वस्त आहे.

कंपूवाले_काका

वीट पवित्र झाली की लोक तिला हळद-कुंकू लावतील आणि देव्हाऱ्यात ठेवतील. रोजचा वापर संपला. शिवाय देवाच्या पायाखालची वस्तू घरात ठेवायची कुठे, जमिनीवर? कोणाचं मन होणार नाही.

सांजवात

काका, दिव्याखाली ठेवायची. संध्याकाळची निरांजन किंवा समई ज्या जागी ठेवतो तिथे. देव्हाऱ्याच्या लाकडाला धग लागत नाही, ओट्यावर काजळीचं वर्तुळ पडत नाही. पक्क्या पण बिनझिलईच्या मातीत तेल मुरतं. वर्षभराने मधोमध एक काळसर तकतकीत गोल उठेल, निरांजनाच्या बुडाएवढा. ज्या घरात रोज दिवा लागतो त्या घरची वीट तशी दिसेल, जिथे लागत नाही तिथली कोरी राहील. रोज हात लागायला दुसरं निमित्त शोधावं लागणार नाही.

जनकगंज_ताई

सांजवात ताई, हे ठरलं असं समजा. त्या काळ्या गोलासाठी तरी ठरलं.

ऐरण

माझंही मत विटेला. आणि 'समचरण' विसरू नका. मूर्तीचे दोन्ही पाय विटेवर सारखे आहेत. तेव्हा विटेचं पहिलं काम सपाट असणं. डुगडुगणारी वीट दिलीत तर दिवाही डुगडुगेल.

भट्टीकाठ

डुगडुगण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. बांधकामाची वीट तोडून लहान करता येत नाही, कडा झडतात. कुंभाराकडून करूनच घ्यावी लागेल. मापं आणि खाचाखोचा सांगतो.

तयार वीट १० बाय ५ बाय ३ सेंटिमीटर ठेवा. वजन पाव किलोच्या थोडं वर, निरांजनाला पुरे. माती सुकताना आणि भाजताना आटते. आपल्याकडच्या मातीला आठ-नऊ टक्के धरा, म्हणजे साचा आतून सुमारे ११ बाय साडेपाच बाय सव्वातीन. आधी दोन विटा करून भाजून मोजा, मग साचा पक्का करा. माती प्रत्येक जागची वेगळी.

दीडशे हव्यात तर पावणेदोनशे थापा. मळलेली माती पासष्ट-सत्तर किलो लागेल. तीन भाग माती, एक भाग बारीक वाळू. वाळूने तडे कमी जातात. जास्त झाली तर कडा भुसभुशीत होतात.

सगळ्यात मोठा धोका चुनखडीच्या खड्यांचा. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून घ्या, नुसती कोरडी चाळू नका. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा राहिला तरी भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. तो पावसाळी हवेतलं पाणी हळूहळू पितो, फुगतो, आणि विटेचा टवका उडवतो. हे वाटपानंतर दोन-तीन आठवड्यांनी, लोकांच्या घरात घडतं, म्हणून जास्त वाईट. भाजून निघालेल्या विटा दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवल्या तर हा त्रास बराच टळतो.

सुकवण सावलीत, आठवडाभर. ग्वाल्हेरच्या लूमध्ये उघड्यावर ठेवलीत तर वरचं अंग आधी आटतं, खालचं ओलं राहतं आणि वीट केळ्यासारखी वाकते. ऐरणजी म्हणतात ती डुगडुग इथेच जन्माला येते. पहिले दोन दिवस ओलं गोणपाट, मग रोज कूस बदलायची, एकदा आडवी, एकदा कडेवर. पूर्ण सुकल्याशिवाय भट्टीत घालू नका. आत ओल असेल तर वाफ कोंडते आणि वीट फुटते. फुटताना शेजारच्या दोन घेऊन जाते. पहिले तीन-चार तास धग मंदच हवी.

भट्टीचं काम पावसाआधी उरका. आपल्याकडे जूनअखेर पाऊस येतो आणि कुंभार भट्ट्या बंद करतात.

लष्करवासी

भट्टीकाठ, याहून जास्त काय मागायचं! दोन प्रश्न. पक्की भाजली हे ओळखायचं कसं? आणि वर 'विठ्ठल' उमटवावं का?

भट्टीकाठ

दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटा. पक्की खणकन वाजते, कच्ची थप् करते आणि रंगानेही फिकी असते. गोरोबांचं थापटणं हेच करत होतं. शंका आली तर एका ताटलीत बोटभर पाणी घालून वीट उभी ठेवा आणि पाणी शोषून वाळू द्या. वर पांढरा थर आला तर मातीत क्षार आहेत. त्या विटेला पावसाळ्यात लोणा येईल, माती बदला.

नाव उमटवण्याचं तुम्ही ठरवा. कृती सांगतो: नखाने ओरखडा उठेल पण बोट रुतणार नाही, इतकी सुकल्यावर ठसा मारायचा. आधी मारलात तर कडा फुगतात, उशिरा मारलात तर वीट चिरते.

फडावरची

वरच्या बाजूला नाव नको, पाऊलही नको. नावावर कोणी दिवा ठेवणार नाही, वीट सरळ देव्हाऱ्यात जाईल आणि कंपूवाले काकांचं म्हणणं खरं ठरेल. वरचं अंग कोरं ठेवा.

कंपूवाले_काका

कोरी असेल तर माझा विरोध नाही. कुंभाराकडे जायला मी येतो.

टाळकरी

आणि वाटपाच्या दिवशी टाळ मंडळाचे. मी टाळकऱ्यांची रांग लावतो. लेकरांना एकेक जोडी हातात देऊन 'खट्' कसं टाळायचं ते तिथेच दाखवू.

पखवाजी

पखवाज माझ्याकडे. कणीक सांजवात ताईंकडे.

सांजवात

मूठभर जास्तच भिजवते.

लष्करवासी

तर ठरलं. वीट, १० बाय ५ बाय ३, वरून कोरी. पत्रिकेवर चार ओळी: पुंडलिकाची गोष्ट, दालबाजारजींचं १९४७, आणि दिवा कुठे ठेवायचा ते. नमुन्याच्या पाच विटा भाजून आल्या की ताटलीतल्या पाण्याची कसोटी करतो आणि फोटो इथेच टाकतो. खालच्या अंगाला काही ठसा हवा का, एवढंच राहिलं.

दालबाजार

गावाचं नाव आणि तिथी. सन नको, म्हणजे पुढच्या वर्षीही तोच ठसा चालेल.

लष्करवासी

'ग्वाल्हेर, आषाढ शुद्ध ११.' ठसा उलटा कोरायला उद्याच सांगतो.